हिजरी सन बघून इसवी सन काढायची झटपट ट्रिक

जुनी नाणी, मशिदींवरचे शिलालेख, अरबी हस्तलिखितांचे स्कॅन बघताना सन हिजरीत (इ.स. ६२२ पासून मोजल्या जाणाऱ्या इस्लामी चांद्र सनात) असतो आणि दरवेळी कन्व्हर्टर शोधत बसावं लागतं. नुसते ६२२ मिळवून चालत नाही कारण हिजरी वर्ष साधारण ११ दिवसांनी लहान. मग एवढंच करा:

१. हिजरी सनाचे ३ टक्के काढा
२. ते त्याच सनातून वजा करा
३. उत्तरात ६२२ मिळवा

उदा. मंगोलांनी बगदाद घेतलं हिजरी ६५६ मध्ये. ३ टक्के म्हणजे वीसच्या आसपास, उरले ६३६, अधिक ६२२ म्हणजे १२५८. बरोब्बर! कैरोच्या अल-अझहर मशिदीचं काम हिजरी ३५९ ला सुरू झालं, त्यातून ११ गेले, ३४८ + ६२२ = ९७०. कॅल्क्युलेटर लागतच नाही, चहा पिता पिता होतं.

हिजरी वर्ष बहुतेक दोन इसवी वर्षांत विभागलेलं असतं म्हणून एखादं वर्ष इकडेतिकडे धरायचं, महिना दिलेला असेल तरच पक्कं लिहा.

आणि हो, पेशवाईतल्या कागदांवर 'सबा', 'समान', 'मया व अलफ' असं दिसलं तर हे अरबी संख्याशब्द (सात, आठ, अकराशे) असले तरी तो शुहूर सन, म्हणजे मराठी कागदांतला सूर्यावर चालणारा सन, हिजरी नाही. तिथे सरळ ५९९ किंवा ६०० मिळवायचे, टक्केबिक्के काही नाही.