बदलीच्या गावी पहिला रविवार : नव्या चर्चला जाताना

बदलीच्या गावी सामान लागलं, गॅस जोडला, दूधवाला ठरला, की आमच्या घरात पुढचा प्रश्न ठरलेला : रविवारी उपासनेला कुठे जायचं? बँकेच्या नोकरीत नगर, सोलापूर, नागपूर, पुणे असं हिंडणं झालं आणि दर वेळी अनोळखी चर्चच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. आता निवृत्तीनंतर आमच्या चर्चच्या दारात गीतपुस्तकं वाटायला मीच उभी असते. नवीन माणूस लांबूनच कळतो. फाटकाशी घुटमळतो, मोबाइल काढून बघतो, मग कुणीतरी आत शिरलं की त्याच्या मागोमाग येतो. हे सगळं त्या माणसासाठी लिहिते आहे. तुम्ही ख्रिस्ती असा, नाहीतर मैत्रिणीबरोबर एकदा बघायला म्हणून येणार असा.

शनिवारी एक फोन करा. इंटरनेटवरच्या वेळेवर जाऊ नका, ती कधीची असेल सांगता येत नाही. फोनवर वेळेबरोबर भाषाही विचारा. शहरात एकाच देवालयात सकाळी लवकर इंग्रजी, मग मराठी, संध्याकाळी हिंदी अशा वेगवेगळ्या उपासना असू शकतात. आणि 'उद्या प्रभुभोजन आहे का?' हेही विचारून ठेवा. त्याचं पुढे सांगते.

पाटीवरची अक्षरं बघून गोंधळू नका. आपल्याकडे बऱ्याच जुन्या चर्चवर 'सी.एन.आय.' म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया असं असतं. १९७० साली नागपूरला सहा वेगवेगळ्या मंडळ्या (म्हणजे चर्चसंस्था; एका चर्चच्या लोकांनाही आम्ही मंडळीच म्हणतो) एक होऊन ही झाली. पण जुनी माणसं अजून 'आमचं मिशनचं चर्च' म्हणतात आणि मिशनप्रमाणे प्रत्येक ठिकाणच्या रीतीही थोड्या वेगळ्या राहिल्या आहेत. अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या वळणाच्या चर्चमध्ये छापील उपासनाक्रम, झगा घातलेले पाळक (धर्मगुरू), उठबस जास्त. अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाच्या ठिकाणी प्रार्थना मनाने केलेल्या आणि उपदेश लांब. पेंटेकॉस्टल मंडळीत गेलात तर ड्रम, टाळ्या, मोठ्याने एकत्र प्रार्थना, आणि दोन तास तर सहज. पहिल्याच रविवारी बिचकलात तर त्यात नवल नाही, पण त्यावरून 'चर्च म्हणजे असंच' असं ठरवू नका.

कपड्यांचा विचार लोक उगाच फार करतात. साधे, स्वच्छ, अंगभर, एवढं पुरे. प्रार्थनेच्या वेळी आमच्या वयाच्या बायका डोक्यावर पदर घेतात, मुली घेतातच असं नाही. ओढणी जवळ असली की झालं. चपलांचं मात्र बघून करायचं. शहरात बाकं असतात, तिथे चपला घालूनच बसतात. खेड्यात सतरंजी अंथरलेली असते आणि चपलांचा ढीग दाराबाहेर असतो. तिथे पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला बसत असतील, तर नवरा-बायकोंनी हातात हात घालून मधोमध जाऊन बसू नये, एवढंच.

दहा मिनिटं आधी या. दारात कुणी 'सलाम' म्हणेल, कुणी 'जय ख्रिस्त'. तेच परत म्हणा. नमस्कार केलात तरी कुणाला वाईट वाटत नाही. बसायला मधल्या रांगांची कड निवडा. नवीन माणूस हमखास शेवटच्या बाकावर जातो आणि तिथेच अडकतो : मागे रडणारी लेकरं, उशिरा येणाऱ्यांची ये-जा, आणि कधी उठायचं ते कळायला पुढच्याच्या पाठीवर नजर. पहिली रांगही नको, तिथे तुम्हाला बघायला पुढे कुणीच नसतं. मुलं बरोबर असतील तर शब्बाथ शाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, किती वाजता ते विचारा. बहुतेक ठिकाणी ती उपासनेच्या आधी असते आणि मुलांची ओळख तिथे आपल्यापेक्षा लवकर होते.

आता गाणी. भिंतीवर लाकडी फळी असते, तिच्यावर त्या दिवशीच्या गीतांचे आकडे लावलेले. हातात 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक आलं की आधी ते आकडे शोधून कागदाचे कपटे घालून ठेवा, म्हणजे ऐन वेळी पानं फडफडवावी लागत नाहीत. पुस्तकात शब्द असतात, चाल मंडळीच्या गळ्यात असते. एकच गीत नगरला एका चालीत आणि नागपूरला दुसऱ्या चालीत म्हणतात, त्यामुळे मुरलेला ख्रिस्ती माणूसही नव्या ठिकाणी पहिल्या कडव्याला चुकतो. पहिलं कडवं ऐका, दुसऱ्यापासून सूर लावा. काही गीतं इंग्रजी चालींवरची, पियानो किंवा ऑर्गनवर उभ्याने म्हणायची. काही पेटी-तबल्यावरची, अभंगाच्या वळणाची, त्यात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पुष्कळ. टिळकांचं भजन लागलं की शेजारच्या आजी पुस्तक मिटून डोळे झाकून गातात, त्यांच्याकडे बघून आकडा शोधायला जाल तर फसाल. ज्याला वारकरी भजन कानावरून गेलेलं आहे त्याला हा भाग परका वाटत नाही.

उठायचं कधी, बसायचं कधी? पुढचे करतात तसं. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' सुरू झालं की सगळे एका सुरात म्हणतात. येत नसेल तर शांत उभे राहा. मतांगीकार, म्हणजे 'मी विश्वास ठेवतो' हे, तुमचा विश्वास नसेल तर ओठ हलवायची गरज नाही. पाहुण्याकडून त्याची अपेक्षाही नसते.

प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याची, वेळ मात्र नीट समजून घ्या, कारण खरी पंचाईत तिथे होते. बऱ्याच मंडळ्यांत ते महिन्याच्या पहिल्या रविवारी असतं. रांगेरांगेने लोक उठून पुढच्या कठड्याशी गुडघे टेकतात. उजवा तळहात डाव्यावर ठेवून भाकरीचा तुकडा घेतात. मग द्राक्षरसाचा प्याला फिरतो, किंवा छोट्या छोट्या पेल्यांचं तबक येतं. आलेल्या बाजूने परत न येता दुसऱ्या बाजूने येतात, नाहीतर मधल्या वाटेत कोंडी होते. हे बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतं, आणि सी.एन.आय.मध्ये साधारणपणे दृढीकरण (मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी) झालेल्यांसाठी. तुम्ही त्यात बसत नसाल तर जागेवर बसून राहा, गुडघे जरा वळवून शेजाऱ्याला वाट द्या. तो प्रसाद नव्हे, त्यामुळे 'नाही म्हटलं तर अपमान होईल' असं वाटून उठू नका. आणि दुसऱ्या मंडळीचे सभासद असाल तर उपासनेआधी पाळकांना सांगा, ते काय ते स्पष्ट सांगतील.

कॅथलिक चर्चमध्ये जाणार असाल, समजा वसईत मैत्रिणीबरोबर मराठी मिस्साला (त्यांच्या उपासनेला), तर तिथे ख्रिस्तप्रसाद, म्हणजे त्यांचं प्रभुभोजन, दर रविवारी असतो आणि तो कॅथलिकांसाठीच. प्रोटेस्टंटांनीही जागेवरच बसावं. बाकात शिरताना लोक गुडघा टेकतात, दारातल्या पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात. तुम्ही नाही केलंत तर चालतं. ते गुडघ्यांवर असतील तेव्हा शांत बसून राहा. मध्येच सगळे एकमेकांकडे वळून हात जोडतात, ती शांतीची भेट. तेव्हा तुम्हीही हात जोडा. मिस्सा साधारण तासाभरात आटोपतो, आमच्यासारखं नाही.

दानाची थैली आली तर टाका किंवा पुढे द्या. कुणी बघत नाही. (मी थैली फिरवलेली आहे, म्हणून खात्रीने सांगते.)

उपदेशानंतर सूचना वाचतात, आणि त्यात 'आज कुणी नवीन आलं आहे का?' हा प्रश्न येतो. उभं राहून नाव, गाव, कुणाबरोबर आलात, एवढं सांगा आणि बसा. बोलायचं नसेल तर आधी दारात तसं सांगून ठेवा. आम्ही पाळकांच्या कानावर घालतो. एका गावी मला माईक देऊन साक्ष द्यायला, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सगळ्यांपुढे सांगायला लावलं होतं, तेव्हापासून मी नवीन माणसाला हे आधीच विचारते.

बाहेर आलात की लगेच गाडीला किक मारू नका. खरी ओळख चहाशी होते. 'कुठल्या मंडळीचे?', 'माहेर कुठलं?', 'तुमचे काका सोलापूरला मास्तर होते ना?' अशी उलटतपासणी होईल. त्यात कुचकेपणा नसतो, नातं सापडतंय का ते बघतात. आणि बहुतेक वेळा सापडतंही. पुण्यात १८९० साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे यांच्यासारख्यांवर ग्रामण्य, म्हणजे जातीबाहेर टाकण्याचं प्रकरण, झालं होतं आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली होती. आता तसं काही नाही, चहा बेलाशक घ्या.

एका रविवारात मंडळी कळत नाही. हार्वेस्टच्या, म्हणजे सुगीच्या सणाच्या रविवारी गेलात तर नारळ, केक, कोंबड्या यांचा लिलाव चालतो आणि सगळे खुशीत असतात. एखादा साधा, पावसाळ्यातला, निम्मी बाकं रिकामी असलेला रविवारही बघा, तेव्हा उपदेश कसा असतो आणि लोक एकमेकांची चौकशी करतात का ते दिसतं. आजारी माणसांची नावं घेऊन प्रार्थना होते की नाही, याकडे मी तर मुद्दाम लक्ष देते.

तिथेच राहायचं ठरलं तर जुन्या मंडळीच्या पाळकांकडून सभासदत्वाचं पत्र आणावं लागतं. ते बदलीच्या ऑर्डरबरोबरच मागून ठेवा, कारण पाळकांचीही बदली होते आणि मग सहीसाठी दोन गावांत फोन करत बसावं लागतं.