बधीर पायांची रोजची निगा: सिस्टर रूथ फाऊ यांच्या वाटेने

जर्मन डॉक्टर आणि कॅथलिक धर्मभगिनी रूथ फाऊ १९६० साली निघाल्या होत्या भारतात. व्हिसा अडला, कराचीत थांबावं लागलं आणि मॅक्लिओड रोडमागची कुष्ठवस्ती पाहून त्या तिथल्याच झाल्या. त्यांच्याच वयाचा एक पठाण हातापायांवर रांगत दवाखान्यात आला. कुणाला त्याचं काही वाटलंही नाही. १९६१ मध्ये वेल्लोरला येऊन त्यांनी कुष्ठोपचार शिकून घेतले. पुढे पाकिस्तानात हा रोग आटोक्यात आल्याचं १९९६ साली जाहीर झालं, त्यामागे गोळ्या होत्या, तशीच गावोगाव जाणारी, शिकवून तयार केलेली माणसंही होती.

बोटं कुष्ठरोगाने आपोआप झडत नाहीत. जंतू नसा मारतो, संवेदना जाते, मग खडा रुततो, चटका बसतो आणि माणूस त्याच पायावर चालत राहतो. गोळ्यांनी जंतू मरतो, पण बरेच दिवस गेलेली संवेदना सहसा परत येत नाही. म्हणून निगा जन्मभराची.

संध्याकाळी, काम आटोपल्यावर, उजेडात बसा. तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या पाहा. तळवा दिसत नसेल तर आरसा घ्या, नाहीतर घरातल्या कुणाला तरी पाहायला सांगा. उपचार सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत संसर्ग थांबतो, तेव्हा हात लावायला कचरू नये.

बादलीत साधं पाणी घेऊन पाय २० मिनिटं बुडवून ठेवा. गरम पाणी नकोच: बधीर पायाला ते किती गरम आहे हे कळतच नाही. मग घट्टे खरबरीत दगडाने हलके घासा. धारदार वजरी किंवा ब्लेड वापरू नका, जखम बहुधा तिथूनच सुरू होते. पाय ओला असतानाच खोबरेल तेल लावा आणि पुसू नका, म्हणजे ओलावा आत राहतो. बेचक्या मात्र कोरड्या ठेवा. उघडी जखम असेल तर हे भिजवणं टाळा.

चप्पल एमसीआरची (मायक्रोसेल्युलर रबर, म्हणजे बारीक छिद्रांचं मऊ रबर): आतून मऊ, खालून कडक, टाचेमागे पट्टा. खिळे मारलेली नको, शिवलेली किंवा चिकटवलेली घ्या. घालण्याआधी उलटी करून झटका.

जखम झालीच तर साबणपाण्याने धुऊन स्वच्छ कापड बांधा आणि त्या पायावर भार देऊ नका. मलम लावूनही जखम भरत नाही त्याचं कारण बहुतेक वेळा चालणंच असतं. पू, दुर्गंधी, सूज किंवा ताप दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

हातांचंही असंच. तव्यावरची भाकरी बोटांनी उलटू नका, उलथनं वापरा; कढईचा कान फडक्याने धरा.

नस दुखू लागली, पाऊल किंवा बोटं अचानक लुळी पडली, तर गोळ्यांचा कोर्स संपलेला असला तरी वाट पाहू नका, लगेच दवाखाना गाठा. सहा महिन्यांच्या आत योग्य औषध मिळालं तर गेलेली ताकद बऱ्याचदा परत येते.