कॅनडात स्थायिक होण्याआधीची कागदपत्रे
कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी ‘एक्सप्रेस एंट्री’ या कॅनडा सरकारच्या ऑनलाइन निवड पद्धतीतून अर्ज करायचा असेल, तर सर्वांत आधी नावांचा घोळ निस्तरावा. आपल्या गुणपत्रिकेवर बहुधा आडनाव आधी आणि आईचे नाव शेवटी असते, पासपोर्टवरची मांडणी निराळी असते, आणि लग्नानंतर आडनाव बदलले असल्यास तीन कागदांवर तीन व्यक्ती दिसू लागतात. विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि ही सर्व नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र हाताशी ठेवावे.

विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट (सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) मिळवण्यात अपेक्षेपेक्षा अधिक वेळ जातो, म्हणून पदवीच्या मूल्यांकनाचे (ती कॅनडातील कोणत्या पदवीच्या तोडीची आहे, हे तपासून घेण्याचे) काम भाषेच्या परीक्षेआधी हाती घेणे मला श्रेयस्कर वाटते. परीक्षेचा निकाल २ वर्षेच ग्राह्य असतो. निवड झाल्यावर कॅनडा सरकारकडून अर्जाचे निमंत्रण येते; ते आल्यावर प्रत्यक्ष अर्जासाठी ६० दिवस मिळतात. अनुभवाच्या पत्रात केवळ हुद्दा पुरत नाही. कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगारही नमूद करून घ्यावा.

स्थलांतरानंतर भारतातील बचत खाते एनआरओ (अनिवासी भारतीयांचे रुपयांतील खाते) प्रकारात बदलून घ्यावे लागते. वारसाहक्काने आलेली शेतजमीन ठेवता येते.

मागाहून येणाऱ्या सामानाची किमतीसह यादी पहिल्याच प्रवेशाच्या वेळी सीमाशुल्क अधिकाऱ्याकडे द्यावी, अन्यथा त्यावर शुल्क लागू शकते. दागिन्यांबाबत ‘सोन्याचे मंगळसूत्र, १’ एवढेच न लिहिता वजन, घडण व मूल्य लिहावे आणि छायाचित्र व सराफाचे मूल्यांकनपत्र जोडावे.