दोन दिवसांत संभाजीनगर-वेरूळ: गाडी करून, कमी खर्चात

आमच्या सोसायटीच्या सहली मीच ठरवते. पुण्याहून शनिवार-रविवारात जाऊन यायला छत्रपती संभाजीनगरसारखं ठिकाण नाही. फक्त हिशोब आधी पक्का हवा.

सुरुवात गाडीपासून. बसवाले दिवसाला किमान किलोमीटर लावतात, बहुधा 300. म्हणजे दोन दिवसांचे 600 तुम्ही वापरा न वापरा, पैसे द्यायचेच. पुणे ते संभाजीनगर साधारण 235, वेरूळ जाऊन-येऊन 60, दौलताबाद 30 आणि परत 235. झाले 560. उरलेले 40 गाडी गॅरेजमधून निघून परत जाईपर्यंत लागतातच. अजिंठा शहरापासून शंभरेक किलोमीटर, तो घातला की वरच्या प्रत्येक किलोमीटरचे पैसे पडतात आणि माणसंही दमतात. अजिंठ्यासाठी वेगळी सहल काढा. जोडून सुट्टी आली म्हणून सोमवारी तिकडे जाऊ म्हणाल, तर सोमवारी अजिंठा बंद असतो. वेरूळ मंगळवारी बंद.

टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता भाड्यात धरलाय का, हे लेखी घ्या. समजा सगळं मिळून 36,000 झाले आणि गाडी 35 सीटर आहे, तर 35 ने भागू नका, 30 ने भागा. माणशी 1,200. ऐनवेळी कुणाचा ताप, कुणाचे पाहुणे, दोन-चार जण गळतातच. गाडी भरलीच तर जास्तीचे 6,000 गाईड आणि चहा-नाश्त्याला येतात.

ग्रुपमध्ये बायका आणि ज्येष्ठच जास्त असतील, तर आधी एसटीचा हिशोब मांडा. महिलांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाला अर्धं, 75 च्या पुढे मोफत. तिथे पोचल्यावर फिरण्यापुरती गाडी करायची. आमच्या भिशीच्या बायकांना हेच परवडतं.

राहायला लग्नसराई नसेल तेव्हा मंगल कार्यालयाचा हॉल विचारा. गाद्या मिळतात, संडास-बाथरूम आदल्या आठवड्यात कुणाला तरी बघून यायला सांगा. शनिवारचा नाश्ता आणि दुपारचं जेवण घरून: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कैरीचं लोणचं. रात्री खानावळ. मांसाहारी मंडळींनी नान-खलिया खाल्ल्याशिवाय परतू नये.

आता क्रम, यात मी कुणाचं ऐकत नाही. पहाटे पाचला निघा, शहरात न थांबता थेट वेरूळ गाठा. कैलास लेणं, म्हणजे 16 नंबर, पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे ऊन दुपारनंतर दर्शनी भागावर येतं. आधी बाजूच्या वाटेने वर चढून कड्यावरून खाली बघा. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात हे देऊळ वरून खाली असं खोदत आणलं, ते तिथे उभं राहिलं की आपोआप कळतं. मग खाली उतरून हत्ती, रामायणाचे पट. इथे गाईडचे पैसे वाचवू नका. एकूण 34 लेणी आहेत, सगळी होत नाहीत. बौद्धांतलं 10, कैलास आणि जैनांतलं 32 नीट बघा. संध्याकाळी अहिल्याबाईंनी जीर्णोद्धार केलेलं घृष्णेश्वर.

दौलताबाद रविवारी सकाळी, ऊन चढायच्या आत. किल्ल्यातल्या अंधारीत, म्हणजे काळोख्या भुयारी वाटेत, मोबाईलच्या उजेडावर विसंबू नका. चार चांगल्या बॅटऱ्या घ्या, एक पुढे, एक शेवटी, दोन मध्ये. आत वटवाघळं असतात, मुलांना आधी सांगून ठेवा. गुडघे दुखणाऱ्यांनी खालीच चांदमिनार आणि भारतमातेच्या मंदिरातले खांब बघत बसावं, त्यांच्यासोबत एक तरुण माणूस ठेवा.

वेरूळचं तिकीट 40 रुपये, दौलताबाद आणि बीबी का मकबरा 25-25. ऑनलाइन काढलं तर पाच रुपये कमी आणि रांग वाचते. 15 वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. मकबऱ्याला तासभर पुरतो. जेवून दोनला गाडी पुण्याकडे वळवा, म्हणजे रविवार संध्याकाळच्या गर्दीतही साडेनऊपर्यंत घरी पोचाल.