पिकअपचं नाक खाली बसलंय? बोल्ट आवळण्याआधी या चुका टाळा

संत्र्याचा हंगाम सरला की वरूड-मोर्शीकडच्या कितीतरी पिकअप अंगणात रिकाम्या उभ्या राहतात. तेव्हा मालकाची नजर जाते: मागून उंच, पुढून बसलेली. मग कोणीतरी सांगतं, "खालचा बोल्ट चार फेरे आवळ, होते बरोबर." म्हणजे पुढची उंची कमी-जास्त करणारा बोल्ट. तिथूनच चुकायला सुरुवात होते.

रिकाम्या पिकअपचं नाक थोडं खाली असणं हा दोष नाहीच. मागचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, माल पेलण्यासाठी बसवलेले असतात. कॅरेट भरली की मागचा भाग दबतो आणि गाडी सपाट होते. रिकामी असतानाच सपाट करून ठेवली, तर भरल्यावर नाक वर जातं, पुढच्या चाकांवरचा भार कमी होतो आणि स्टिअरिंग हलकं लागतं. हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातो, अन् आपल्यापुढे अंधारात चाललेली बंडी आपल्यालाच दिसत नाही. शिवाय आपल्याकडे बरेच जण मागे एखादा पाटा वाढवून घेतात. त्यात मागचा भाग उचलला जातो, पुढचं काहीच बसलेलं नसतं. म्हणून माप दोनदा घ्या: एकदा रिकामी, एकदा नेहमीचा माल भरून. भरलेली गाडी सपाट असेल तर पाना खाली ठेवा.

माप घेण्यातही गडबड होते. जमिनीपासून मडगार्डपर्यंत टेप लावला की टायरची हवाही त्या मापात येते. आधी डाव्या-उजव्या टायरांत सारखी हवा भरा आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत मोजा. जागाही नीट निवडा. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे आपलं अंगण दिसतं तसं सपाट नसतं. जिनिंगचा किंवा बाजार समितीचा वजनकाटा मोकळा असेल तर विचारून त्यावर गाडी लावा. नाहीतर गवंड्याच्या पाण्याच्या नळीने चारही चाकांखालची पातळी तपासा. दोन बाजूंत ५-१० मिलिमीटरचा फरक निघाला तर मी तरी हात लावत नाही.

गाडी एका अंगावर कलली असेल तर मात्र थांबा. माझी गाडी पुढे डावीकडे कलली होती. मी डाव्या बाजूचा बोल्ट आवळला, चार दिवस बरं दिसलं, मग गाडी उजवीकडे ओढू लागली. गावातले म्हातारे मिस्त्री खाली वाकले, मागच्या डाव्या कमानीवरचा (एकत्र बांधलेल्या पाट्यांवरचा) चिखल त्यांनी पेचकसने खरवडला. दुसऱ्या पाट्यावर केसाएवढी आडवी रेघ होती, तिच्यात गंज भरलेला. म्हणाले, "काहून पुढचं आवळून राह्यला भाऊ? आजार रेड्याले अन् डाग पखालीले!"

त्यांनी दाखवलेली परीक्षा घरी करता येते. मागच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, पुढच्या क्रॉसमेंबरच्या (चेसिसच्या आडव्या तुळईच्या) बरोबर मध्ये जॅक लावून पुढचा भार उचला. आता गाडी पुढे एकाच बिंदूवर टेकलेली असते, म्हणून ती कशी उभी राहील हे मागची कमान ठरवते. तरीही कललेलीच राहिली तर रोग मागे आहे. सरळ झाली तर पुढे शोधा: थकलेली स्प्रिंग, फाटलेला बुश (सांध्यातलं रबर), वाकलेली आर्म (चाक धरणारा दांडा). या परीक्षेत गाडीखाली शिरू नका.

खाली जायचंच असेल तर जॅक हा आधार नव्हे. काळ्या मातीत तो हळूहळू रुततो आणि तिरका होतो. त्याखाली जाड फळी टाका, चेसिसखाली दोन घोड्या (लोखंडी स्टँड) लावा, गाडी हलवून पाहा, मगच आत जा. विटा आणि दगड अजिबात नकोत.

आता बोल्ट. घरी उंची कमी-जास्त करता येते ती पुढे टॉर्शन बार असलेल्या गाडीत. आपल्या गाडीखाली काय आहे ते आधी बघा. टॉर्शन बार म्हणजे पीळ सोसणारी लांब सळई. तिच्या एका टोकाला चाकाची आर्म असते, दुसऱ्या टोकाला ती धरून ठेवणारा अँकर आणि त्याचा बोल्ट. बोल्ट आवळल्याने बार ताकदवान होत नाही, गाडी फक्त वर येते. जास्त आवळला की आर्म खालच्या स्टॉपरजवळ जाते, चाकाला खड्ड्यात उतरायला वावच राहत नाही. स्पीडब्रेकर ओलांडताना "टक्क" वाजलं की समजा, मर्यादा ओलांडली.

बोल्टवर आधी रंगाची खूण करा, ब्रश मारून गंज काढा, तेल सोडून रात्रभर राहू द्या. भाराखाली आवळला तर आटे जातात, म्हणून चाकं उचलूनच फिरवा. एका वेळी अर्धा फेरा. मग गाडी खाली घ्या, थोडी पुढे-मागे चालवा आणि पुन्हा मोजा. जॅकवरून उतरलेली गाडी लगेच आपल्या जागी बसत नाही, ते पहिलं माप खोटं असतं. एक बाजू उचलली की दुसरीही थोडी हलते. बार काढलेच तर डावा-उजवा अदलाबदल करू नका, त्यांचा पीळ बाजूप्रमाणे दिलेला असतो.

पुढे कॉइल स्प्रिंग असेल तर घरी उघडू नका. दबलेली स्प्रिंग सुटली तर हात जातो. पुढे पाटे असतील तर कमानवाल्याकडे जा, आणि पाटे अॅक्सलला बांधणारे यू-बोल्ट शे-दोनशे किलोमीटरनंतर पुन्हा आवळून घ्या. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उभी असतानाच शेवटचे आवळायचे. चाकं लटकत असताना आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

उंची बदलली की व्हील अलाइनमेंट करावंच लागतं, नाहीतर टायर एका काठाने झिजतो. पुढचे ब्रेकचे पाइप ताणलेले नाहीत ना, हे स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. मागची उंची बदलली असेल तर मागच्या अॅक्सलवरून येणारी ब्रेकच्या व्हॉल्व्हची कांडीही तपासून घ्या; वजन किती आहे हे तो व्हॉल्व्ह त्या कांडीवरूनच ओळखतो. आणि लिफ्ट किट (गाडी उंच करणारे सुटे भाग) लावण्याआधी मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ लक्षात घ्या. कंपनीने दिलेल्या नोंदीत बदल होईल असा फेरफार चालत नाही.

हेडलाइटचं म्हणाल तर काम सुरू करण्याआधीच भिंतीवर प्रकाशाच्या वरच्या कडेला खडूची रेघ मारा, आणि काम झाल्यावर गाडी त्याच जागी लावून तुलना करा. चारही मापं तारखेसह दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. महिन्याने पुन्हा मोजा.