डेस्कटॉपसाठी शांत पंखा कसा निवडावा

पंखा शांत हवा असेल, तर खोक्यावर छापलेल्या डेसिबलच्या आकड्याआधी त्याचा आकार पाहावा. पंख्याचा वेग निम्मा केला की हवाही साधारण निम्मी होते, पण आवाज मात्र सुमारे 15 डेसिबलने उतरतो; म्हणूनच 80 मिलिमीटरच्या पंख्याला जेवढी हवा ढकलण्यासाठी जिवाच्या आकांताने फिरावे लागते, तेवढीच हवा 120 किंवा 140 मिलिमीटरचा पंखा संथपणे देतो. कॅबिनेटमध्ये मावेल तेवढा मोठा पंखा घ्यावा, पण आधी मोजपट्टी लावावी: 120 मिलिमीटरच्या पंख्याच्या शेजारशेजारच्या दोन स्क्रू-छिद्रांमधले अंतर 105 मिलिमीटर असते आणि जाडी बहुधा 25 मिलिमीटर.

डेसिबलच्या आकड्यावर माझा फारसा भरवसा नाही. तो बहुधा मोकळ्या हवेत मोजलेला असतो, आणि तोच पंखा जाळीला किंवा धुळीच्या फिल्टरला चिकटवून बसवला की निराळाच आवाज करतो. अशा अडथळ्यातून किंवा रेडिएटरमधून (द्रवाने थंड करण्याच्या यंत्रणेतील दाट जाळीतून) हवा ओढायची असेल, तर जास्त स्थिर दाब, म्हणजे अडथळ्यातूनही हवा रेटण्याची ताकद, देणारा पंखा निवडावा.

बेअरिंगकडे, म्हणजे पंख्याचा आस ज्यात फिरतो त्या भागाकडे, मात्र बारकाईने पाहावे. स्वस्त स्लीव्ह बेअरिंग नवे असताना शांत असते, पण वंगण आटले की कुरकुरू लागते आणि पंखा आडवा बसवल्यास लवकर झिजते. बॉल बेअरिंग टिकाऊ असले तरी त्याची बारीक घरघर शांत खोलीत ऐकू येते. शांतता आणि टिकाऊपणा या दोन्हींचा मेळ हवा असेल, तर फ्लुइड डायनॅमिक बेअरिंगसाठी (यात आस तेलाच्या पातळ थरावर फिरतो) थोडे जास्त पैसे मोजणे मला योग्य वाटते. जुना पंखा बदलावा की नाही हे ठरवताना संगणक बंद करावा, वायर काढावी आणि पात्याला बोटाने हलकी टिचकी द्यावी. चांगला पंखा काही वेळ फिरून अलगद थांबतो, झिजलेला अडखळतो आणि त्याची खरखर बोटालाही जाणवते.

शक्यतो चार पिनांच्या जोडणीचा पंखा घ्यावा, कारण त्याचा वेग मदरबोर्डला बराच खाली आणता येतो. त्यानंतर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) तापमानानुसार वेग ठरवताना बदल काही सेकंद उशिरा होईल अशी सोय असल्यास ती वापरावी, कारण एकसंध हलक्या आवाजाची कानाला सवय होते, पण प्रोसेसर क्षणभर तापला की घोंघावणारा आणि लगेच मंदावणारा पंखा सतत लक्ष वेधून घेतो. तरीही कॅबिनेटचा पत्रा गुणगुणत असेल, तर स्क्रूंऐवजी रबरी खुंट्या वापराव्यात.