सीहाउसेसचा मुक्काम: आधी भरतीचा तक्ता, मग बाकी बेत

इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, नॉर्थंबरलँडमध्ये सीहाउसेस हे छोटं बंदर आहे. गावात बघण्यासारखं फार काही नाही, पण मुक्कामाला इतकी सोयीची जागा या पट्ट्यात दुसरी नाही. हाताशी पूर्ण तीन दिवस ठेवा. दोन दिवसांत धावपळ होते, आणि एक दिवस समुद्र खातोच.

लंडनच्या किंग्ज क्रॉसहून एडिनबराकडे जाणाऱ्या गाडीने बेरिक किंवा अ‍ॅलनमाउथला उतरायचं. आपली गाडी तिथे थांबते ना, हे तिकीट काढतानाच बघा. नकाशावर चॅटहिल स्टेशन सर्वांत जवळ दिसतं, पण तिथे दिवसभरात मोजक्याच गाड्या थांबतात, त्यामुळे त्याच्या नादी लागू नका. न्यूकॅसल ते बेरिक धावणारी एक्स१८ बस अ‍ॅनिक, सीहाउसेस आणि बँबरा ही तिन्ही ठिकाणं जोडते. अ‍ॅनिकच्या इंग्रजी स्पेलिंगमधली (Alnwick) अक्षरं मोजून उच्चार केलात, तर ड्रायव्हर तोंडाकडे बघत राहील. परतीची शेवटची बस सकाळीच पाहून ठेवा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो लिंडिस्फार्नला, म्हणजे होली आयलंडला. इ.स. ६३५ मध्ये संत एडनने इथे मठ स्थापन केला आणि ७९३ मध्ये व्हायकिंगांनी तो लुटला. बीलहून बेटावर जाणारा डांबरी रस्ता दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो. कधी जायचं आणि कधी परतायचं, याचा तक्ता काउंटी कौन्सिल प्रसिद्ध करते. तो त्या तारखेचा बघा, कालचा चालत नाही, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला इथला रस्ता साधारण दुपारभर बुडालेला असतो, म्हणून त्या दिवसांत सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर बेटावर अडकून संध्याकाळ करायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते, हा कोकणातला हिशेब इथे लावू नका; या किनाऱ्यावर भरतीची वेळ त्याहून काही तासांनी वेगळी पडते.

दरवर्षी काही गाड्या या रस्त्यावर बुडतात. बहुतेकांची चूक एकच असते: सुरक्षित वेळ संपायला दहा मिनिटं आहेत म्हणून निघायचं. वारा किनाऱ्याकडे असेल तर पाणी तक्त्यापेक्षा आधी चढतं, आणि रस्त्याचा सखल भाग आधी भरत असल्याने समोरचा रस्ता कोरडा दिसत असतानाच मधली वाट बंद होते. शेवटच्या अर्ध्या तासात रस्त्यावर चाक घालूच नका. पाणी दिसलं तर ‘टायरभर तर आहे’ असा हिशेब न करता मागे फिरा. अडकलातच तर गाडीचा मोह सोडून पुलाजवळच्या खांबांवरच्या पांढऱ्या खोपटात चढा आणि ९९९ वर कोस्टगार्ड मागा. खांब रोवलेल्या जुन्या यात्रेकरूंच्या वाटेने चिखलातून चालत जायचं असेल, तर ते अंतर जवळपास पाच किलोमीटर आहे. ओहोटी चालू असतानाच निघा आणि परत त्याच वाटेने येण्याऐवजी बस किंवा टॅक्सी धरा. बेटावरच्या किल्ल्याच्या वेळाही भरतीप्रमाणे बदलतात.

फार्न बेटांच्या बोटी सीहाउसेसच्या धक्क्यावरूनच सुटतात. पफिन हे समुद्रपक्षी बघायचे तर मे ते जुलैचा मध्य. जुलै संपता संपता ते समुद्रात निघून जातात आणि ऑगस्टमध्ये आलेले लोक हिरमुसतात. पक्षी फोटोत वाटतो त्यापेक्षा बराच लहान, पारव्याएवढा असतो, तेव्हा दुर्बीण हवीच. बोटीचं तिकीट वेगळं आणि बेटावर उतरण्याचे पैसे नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला वेगळे. इनर फार्नवर टर्न पक्षी वाटेच्या कडेलाच अंडी घालतात आणि जवळून जाणाऱ्याच्या डोक्यावर चोच मारतात, अगदी रक्त येईपर्यंत. जाड टोपी घाला. ती पक्ष्यांच्या शिटेपासूनही वाचवते. फळ्यांच्या वाटेवरून खाली पाय टाकू नका, खालच्या मातीत पफिनची बिळं असतात. ऊन असूनही फेरी रद्द झाली, तर वाद घालू नका: आदल्या दिवशीच्या वाऱ्याने समुद्र फुगलेला असतो आणि पायऱ्यांना बोट लावता येत नाही. म्हणून फार्नची फेरी पहिल्याच दिवशी ठेवा, म्हणजे हुकली तरी दोन दिवस उरतात.

बँबराला बसने जाण्यापेक्षा ओहोटीला वाळूतून चालत जा. सुमारे पाच किलोमीटर आहे आणि किल्ला सगळा वेळ समोर दिसत राहतो. गावात ग्रेस डार्लिंगचं संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. दीपगृहाच्या रखवालदाराच्या या मुलीने ७ सप्टेंबर १८३८ रोजी वडिलांबरोबर वल्ही मारत जाऊन फुटलेल्या ‘फॉरफरशर’ जहाजातले लोक वाचवले होते. तिची कबर समोरच्या चर्चच्या आवारात आहे.

डन्स्टनबराच्या पडक्या किल्ल्यापर्यंत गाडी जात नाही. क्रास्टरला गाडी लावून दोन किलोमीटर गवतातून चालायचं. वाट सपाट आहे, पण आडोसा कुठेच नाही. छत्री उलटते, विंडचीटर घ्या. नॅशनल ट्रस्ट किंवा इंग्लिश हेरिटेज, दोन्हींपैकी एकाचं सभासदत्व असलं तरी इथे तिकीट लागत नाही.

पावसाच्या दिवसासाठी अ‍ॅनिक राखून ठेवा. तिथला किल्ला हिवाळ्यात बंद असतो, पण जुन्या रेल्वे स्टेशनातलं जुन्या पुस्तकांचं दुकान तेव्हाही उघडं असतं. डिसेंबरात पावणेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, तेव्हा दुपारनंतर तिथेच बसणं बरं.